जोॲनची ओटी

ज्या पक्षापायी सुप्रभाताईंचं हे असं झालं, त्याचं नाव मी लिहीत नाही. सकाळी पोथी वाचून झाली की त्याच टेबलावर मी वही उघडते, समोर निरांजन तेवत असतं, तिथे ते नाव नकोसं वाटतं. स्वतःला कामगारांचा पक्ष म्हणवतात, एवढं पुरे.

सुप्रभाताई म्हणजे सुप्रभा चांदोरकर. इथे लंडनला, एजवेअरमध्ये आमच्याच रस्त्यावर राहतात. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा मला जीपीकडे, म्हणजे इथल्या सरकारी फॅमिली डॉक्टरकडे, नाव कसं घालायचं इथपासून बर्फात कोणते बूट घालायचे इथपर्यंत सगळं त्यांनीच शिकवलं. त्या स्वतः नाशिकहून आल्या त्या थेट ग्लासगोला. त्यांचे यजमान गिरीशराव तिथल्या एका हॉस्पिटलात ज्युनियर डॉक्टर होते, आणि राहायला हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला एक खोली. त्या हिवाळ्यात हॉस्पिटलच्या लाँड्रीतल्या बायका संपावर गेल्या. ताईंना इंग्रजी जेमतेम कळायचं, ग्लासगोचं तर मुळीच नाही. पण बायका सकाळपासून गेटाशी कुडकुडत उभ्या आहेत हे खिडकीतून दिसत होतं. त्यांनी मोठं पातेलं काढलं, भरपूर आलं ठेचून घातलं आणि चहा खाली नेला.

गिरीशराव अजून सांगतात, "मी वॉर्डातून बाहेर येतो तर काय, नवी नवरी शालीत पातेलं गुंडाळून पिकेट लाइनवर! म्हटलं, संपली आपली नोकरी."

"तुमची नोकरी कसली जातेय," ताई म्हणतात. "तुमचा कन्सल्टंट दोन कप प्यायला."

त्या बायकांमधल्या एकीनं त्यांना पक्षाचं सभासद करून घेतलं. ताई डाव्या झाल्या त्या अशा. जाडजूड पुस्तकं त्यांनी कधी उघडली नाहीत. पुढे एजवेअरला आल्यावर एका डॉक्टरच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसल्या, मुलगी वाढवली, तिचं लग्न केलं, आणि पक्षाची पत्रकं प्रत्येक निवडणुकीत दारोदार टाकली. आमच्या मागच्या कौन्सिल इस्टेटीत, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या भाड्याच्या वस्तीत, एक जुना हॉल आहे. रिटायर झाल्यापासून दर गुरुवारी त्या तिथे चहा मांडून बसतात. ज्यांना घरी हीटिंग लावणं परवडत नाही ते येतात, एकटी म्हातारी माणसं येतात, पोरांना घेऊन आया येतात. कोणाचं छत गळतं, कोणाचा भत्ता बंद झाला, ते सगळं ताई ऐकतात आणि मग कौन्सिलच्या फोनला चिकटून बसतात.

देवाधर्माचं मात्र त्यांचं नि माझं जमत नाही. मी एकादशी धरली की म्हणतात, "वरदा, देवाला तुझ्या पोटाची एवढी काळजी असती तर त्यानं साबुदाणा पचायला हलका केला असता." त्यांच्या घरी देव्हारा नाही. आईकडून आलेला देवीचा एक चांदीचा टाक आहे. नवरात्रात तेवढा बाहेर काढतात, दिवा लावतात. विचारलं तर म्हणतात, "आईसाठी."

एक गोष्ट त्यांना मनापासून हवी होती. कौन्सिलर व्हायचं होतं. मान मिरवायला नव्हे. इस्टेटीतला तो हॉल पाडून जागा बिल्डरला द्यायचं कौन्सिलमध्ये चाललं होतं, आणि त्याच्याविरुद्ध हात वर करायला त्यांना आत बसायचं होतं. दर वेळी पक्षातले म्हणायचे, नेक्स्ट टाइम, सुप्रभा. एकदा कोणा वकिलाला दिली उमेदवारी, एकदा कोणाच्या जावयाला. या मे महिन्याच्या निवडणुकीला मात्र दुसरं कोणी नव्हतं. पक्षातल्या डाव्या गटाचा त्यांना पाठिंबा होता, आणि आमच्या वॉर्डातल्या सभासदांत बहुमत त्या गटाचंच.

आता हा डावा गट. त्यांच्या बैठका ताईंच्याच फ्रंट रूममध्ये व्हायच्या, कारण दुसऱ्या कोणाच्या घरी खायला मिळायचं नाही. वडे तळायला मी मदतीला जायची, म्हणून मला सगळं ऐकू यायचं. पक्ष उजवीकडे सरकला, आजारी माणसांचे भत्ते कापायला निघाला, बाहेरून आलेल्यांबद्दल वाटेल ते बोलतो, हे सगळ्यांनाच पटत होतं. भांडण होतं ते पुढे काय करायचं यावर. कॉलिन म्हणून एक रिटायर्ड शिक्षक आहे, दाढीवाला, कोपराला कातड्याचं ठिगळ लावलेलं जॅकेट घालतो. त्याचं म्हणणं, हा पक्ष सडला, बाहेर पडा, डाव्यांचा नवा पक्ष निघालाय त्यात चला. आमच्या ओळखीच्या हरीश आणि शिल्पाचा मुलगा देव म्हणायचा, आत राहूनच लढू. देव इथेच जन्मला, एका युनियनच्या ऑफिसात पॉलिसीचं काम करतो, बोलायला चलाख. दोघं तासन्‌तास बोलायचे. शंभर वर्षांपूर्वी कोणत्या परिषदेत कोण फुटलं आणि त्याचं पुढे काय झालं, यावर एकदा असे हमरीतुमरीवर आले की वडे गार झाले. पण उठून स्वतःचा कप सिंकपर्यंत नेलाय, असं मी एकदाही पाहिलं नाही. श्रमिकांबद्दल बोलायचे, आणि उष्टी भांडी ताई विसळायच्या.

"तुम्हाला काय वाटतं, राहायचं की जायचं?" मी एकदा ताईंना विचारलं.

"हॉलमधल्या म्हाताऱ्यांना पक्षाचं चिन्ह ओळखीचं आहे," त्या म्हणाल्या. "त्यांना नवं कुठे शिकवत बसू? मी राहते."

नवरात्रातल्या अष्टमीची गोष्ट. मी ताईंकडे प्रसाद द्यायला गेले होते. तेवढ्यात बेल वाजली आणि जोॲन आली. जोॲन म्हणजे पक्षाच्या विभागीय कार्यालयातली बाई, वरच्या नेत्यांच्या मर्जीतली. डाव्यांना ती डोळ्यासमोर नको असते. गोड बोलत होती, पण मतलब सरळ होता. कॉलिनच्या लोकांपासून लांब राहा, हॉलच्या बाबतीत जरा समजुतीनं घ्या, मग तुमच्या उमेदवारीला आम्ही आडकाठी करणार नाही.

ताई म्हणाल्या, "हॉल विकायच्या विरुद्धच मत देणार मी. तुम्ही आडवे या नाहीतर उभे."

जोॲन हसली, चहा संपवला आणि उठली. ताई म्हणाल्या, "थांब जरा." आत जाऊन ताट घेऊन आल्या. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू.

मी मराठीत म्हटलं, "ताई, अहो ती घटस्फोटित आहे ना?"

"मग? ओटी काय नवऱ्याची भरतात?"

जोॲनला त्यांनी गळ्यातला स्कार्फ पुढे धरायला लावला, कपाळाला कुंकू लावलं, ओंजळीनं तांदूळ घातले, नारळ ठेवला. अष्टमीला घरी आलेली बाई ओटी भरल्याशिवाय पाठवायची नाही, एवढाच त्यांचा हिशेब. ताईंच्या आईच्या घरी बोहारीण आली तरी तिची भरायचे. जोॲन हरखून गेली. लगेच फोन काढला, हात लांब करून फोटो घेतला. तिचं कुंकवाचं कपाळ, आणि बाजूला वाकून तांदूळ घालणाऱ्या ताई.

संध्याकाळी तो फोटो सगळीकडे. खाली लिहिलेलं, सुप्रभाचे आशीर्वाद घेऊन धन्य झाले, इथला हिंदू समाज आमच्या नेतृत्वाच्या पाठीशी आहे.

मला आधी हसूच आलं. देवीची ओटी, आणि ही म्हणते नेतृत्वाच्या पाठीशी! पण डाव्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आग लागली होती. ताईंनी आम्हाला विकलं. हा धार्मिक विधी करून केलेला जाहीर पाठिंबा आहे. कॉलिननं तर लांबलचक निबंधच टाकला, त्यात सरंजामशाही हा शब्द होता. ताई वाचत होत्या आणि गिरीशराव मागून चष्मा सावरत म्हणत होते, "बाईसाहेब, एका नारळात तुम्ही सरंजामदार झालात."

"फोन बंद करा तुमचा," ताई म्हणाल्या. "भेटतील तेव्हा सांगेन. समोरासमोर कळतं माणसाला."

दसऱ्यानंतर बैठक भरली, ताईंच्याच घरी. ज्यांनी त्यांना विकली गेलेली म्हटलं तेच सोफ्यावर बसले. आणि ताईंनी त्यांच्यासाठी वडे केले होते! मी म्हटलं, कशाला करता, तर म्हणाल्या, येणार ते, उपाशी बसवू का.

कॉलिननं कागद काढला. ताईंच्या नावानं एक निवेदन त्यानं आधीच लिहून आणलं होतं. जोॲननं माझ्यावर दबाव आणून हा विधी करवून घेतला, मला फसवलं गेलं, मी त्याचा निषेध करते. एवढी सही करा, आम्ही सगळे तुमच्या मागे उभे.

"दबाव?" ताई म्हणाल्या. "तिला ओटी म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं. मीच तिला थांबवलं."

"पण सुप्रभा, ते दिसतं कसं बघ ना."

ताई देवकडे वळल्या. स्वयंपाकघराच्या दारातून मी बघत होते, माझा हात झाऱ्यावर तसाच राहिला, कारण मला वाटलं, चला, आता मिटलं. देवला माहीत आहे. "देव, तू सांग यांना. ओटी कशी असते आपल्यात? कोणाची भरतात?"

देवनं वडा खाली ठेवला. हात पुसले. इंग्रजीत म्हणाला, "वेल, इट इज अ ब्लेसिंग. भरभराटीसाठी, यशासाठी देतात. सो यू कॅन सी हाऊ इट रीड्स."

मला शिसारी आली. दुसरा शब्द नाही. याच देवच्या घरी, नवरात्रात, शिल्पानं बॉयलर दुरुस्त करायला आलेल्या गोऱ्या बाईची ओटी भरलेली मी पाहिली आहे, आणि ताट धरून हाच उभा होता. तेव्हा शिल्पानं काय बॉयलर कंपनीला पाठिंबा दिला होता? त्याला सगळं ठाऊक होतं. चार वाक्यांत सांगता आलं असतं. त्यानं अर्धं सांगितलं, आणि तेही असं की ऐकणाऱ्यानं उरलेलं वाईट धरून चालावं.

चटणी संपली म्हणून ताई आत आल्या. मागोमाग देव आला.

"काकू, तुम्ही रागवू नको ना. मला माहीत आहे ओटी काय असतो."

"मग बाहेर का नाही सांगितलंस?"

"कारण तिथे एक्सप्लेन करायला कोणाला पेशन्स नाय. लोकं ऑप्टिक्स बघतात. तू ती एक पेपर साइन कर, म्हणजे तुम्ही साइन करा, मग सगळा संपून जाईल."

"त्यात लिहिलंय तिनं मला भाग पाडलं. ते खोटं आहे."

"नॉट खोटं खोटं, काकू. पॉलिटिकली ती तसंच करते ना सगळ्यांना."

ताईंनी चटणीची वाटी ओट्यावर ठेवली. "हे बघ देव. ती बाई मला मुळीच आवडत नाही. पक्षातल्या तिच्या कारभाराचा मला वीट आलाय. पण माझ्या दारात आली, अष्टमीला, आणि मी देवीच्या नावानं तिची ओटी भरली. आता एका सीटसाठी ती ओटी घाण होती म्हणून लिहून देऊ?"

देवीच्या नावानं, असं त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी हे ऐकलं नव्हतं. मी त्यांच्याकडे पाहिलं, तर त्या चिडून म्हणाल्या, "तू तेलाकडे बघ."

सही त्यांनी केली नाही. बाहेर जाऊन तेच सांगितलं, मला कौन्सिलर व्हायचंय, फार व्हायचंय, पण या कागदावर नाही. कॉलिननं मान हलवली, जणू घरातलं कोणी गेलंय. मग सगळ्यांनी उरलेले वडे खाल्ले. एकानं तर घरी न्यायला डबा मागितला. आणि ताईंनी दिला!

मी त्या रात्री यांना म्हटलं, मी असते तर दारात उभं केलं नसतं. हे म्हणाले, तू सुप्रभाताई नाहीस.

उमेदवार निवडायची सभा लायब्ररीच्या वरच्या खोलीत होती. मी सभासद नाही, म्हणून ताईंच्या घरी थांबले. त्या जिंकून आल्या तर ओवाळायचं म्हणून मी तबक तयार केलं होतं. खोटं कशाला लिहू, मनातून मला वाटतच होतं की ऐन वेळी लोकांना लाज वाटेल. दार उघडलं ते गिरीशरावांनी. ताई त्यांच्या मागे, कोटाची बटणं काढत.

"देवला मिळाली," गिरीशराव म्हणाले.

"डाव्यांनी त्याला दिली?"

"डाव्यांनी दिली, आणि जोॲनच्या माणसांनीही दिली. गेली कित्येक वर्षं ही माणसं एकमेकांशी हवामानावरसुद्धा सहमत झालेली नाहीत. आज झाली."

मला कळेना. जोॲन तर ताईंचे आशीर्वाद मिळाले म्हणून मिरवत होती. मग ताईंनीच बसत बसत सांगितलं. देवनं जोॲनला आधीच भेटून सांगितलं होतं की हॉलच्या बाबतीत तो ओपन माइंड ठेवील. डाव्यांना आपला माणूस मिळाला, जोॲनला हॉल मिळाला. जोॲन सभेत पहिल्या रांगेत होती. ताईंकडे बघून प्रेमानं हसली म्हणे.

"आणि कॉलिन? त्याला माहीत होतं हे?"

"माहीत होतं," ताई म्हणाल्या. "तो म्हणाला, लढाई मोठी आहे, हॉल छोटा आहे."

चहा करू का विचारलं तर नको म्हणाल्या. ताईंनी चहा नको म्हटलेला मी पहिल्यांदा ऐकला. मी घरी येऊन देवापुढे बसले, पण जपात मन लागेना. एकीकडे जोॲन, एकीकडे कॉलिन, मध्ये आपल्यातला देव. दिशा कोणती यावर एवढा वाद, आणि वळले तिघं एकाच बाजूला. शिल्पानं मला पेढ्यांसाठी फोन केला, मुलाला उमेदवारी मिळाली म्हणून. मी म्हटलं, मला शुगर आहे. नाही मला शुगर.

संक्रांतीच्या सुमाराला कॉलिन पुन्हा ताईंच्या दारात. मी तिळगूळ घेऊन गेले होते, म्हणून समोरच होते. हा आता तो पक्ष सोडून नव्या पक्षात गेला होता. देवनं हॉलवरून शब्द फिरवला, विश्वासघात केला, असं रागारागानं सांगत होता. जणू याला ते तेव्हाच कळलं नव्हतं. मग मुद्द्यावर आला. नव्या पक्षाला आमच्या वॉर्डात उमेदवार हवा होता. देवच्या विरुद्ध. सुप्रभा, तूच.

ताईंचा चेहरा मी पाहिला. खोटं नाही लिहीत, तो उजळला. इतक्या वर्षांत कोणी दारात येऊन, तूच, असं म्हटलं नव्हतं.

"आणि तो ओटीचा प्रकार?" त्यांनी विचारलं.

"अगं, तो तेव्हाचा ताप होता. उलट आता त्याचा उपयोग होईल. तुमच्या समाजाला आवडेल. तो फोटो जरा कापून पत्रकावर घेऊ, जोॲनला काढून."

"तू त्या ग्रुपवर लिहिलं होतंस की मी विकली गेले. ते चूक होतं असं त्याच ग्रुपवर लिहिशील?"

कॉलिन खुर्चीत हलला. "जुनं उकरून काय मिळणार, सुप्रभा? पुढे बघायला हवं."

"एक ओळ लिही. मग उभी राहते मी. आज, आत्ता फॉर्म भरते."

"त्या ग्रुपवर आता आमचे विरोधक आहेत. तिथे चूक कबूल केली तर ते वापरतील. तुला समजतंय ना?"

"समजतंय," ताई म्हणाल्या. उठल्या, त्याचा कोट आणून त्याच्या हातात दिला. तो बराच वेळ दारात उभा राहून काहीतरी इतिहास सांगत होता. मी माझी तिळगुळाची वाटी तशीच झाकून ठेवली. संक्रांत असो नाहीतर आणखी काही, त्याच्या हातावर ठेवायचं माझ्या जिवावर आलं.

गिरीशराव वरून उतरले. "नाही म्हणालीस?"

"नाही म्हणाले."

"हवं होतं ना तुला?"

"अजून हवंय," ताई म्हणाल्या, आणि तोंड फिरवून खिडकीचे पडदे सारखे करायला लागल्या.

काल गुरुवार होता. पोहे पोचवायला मी हॉलवर गेले आणि थांबले. निवडणूक तोंडावर आली आहे. दारादारात पत्रकं पडली आहेत. देवचं हसरं, गुळगुळीत. नव्या पक्षाचं, त्यावर कोणी भलताच उमेदवार, या इस्टेटीत कधी पाऊल न टाकलेला. आणि तिसरं, परदेशी लोकांना हाकला म्हणणाऱ्यांचं, तेही प्रत्येक दारात. ब्रिजेट म्हणून एक आयरिश म्हातारी आहे, दर निवडणुकीला मत कोणाला द्यायचं ते ताईंना विचारते आणि तसंच देते. तिन्ही कागद टेबलावर मांडून ती म्हणाली, "सांग ग बाई, फुली कुठे मारू?"

ताईंच्या हातात किटली होती. त्यांनी तिन्ही कागद पाहिले. मला वाटलं, काहीतरी सांगतील.

"मला माहीत नाही, ब्रिजेट."

"तुला माहीत नाही?" ब्रिजेटला ती थट्टा वाटली. मग कळलं की थट्टा नाही. "तुलाच माहीत नाही, तर मी कशाला थंडीवाऱ्यात जाऊ? बसते घरी."

शेजारच्या टेबलावरच्या दोघी म्हणाल्या, मग आम्हीही नाही जात.

एरवी ताईंनी त्यांना रागावून, हाताला धरून, मतदान केंद्रापर्यंत नेलं असतं. काल त्यांनी फक्त सगळ्यांच्या कपांत चहा ओतला, आणि त्यांना थांबवलं नाही.